भूमितीच्या पेपराचे तीन घंटे

लेकरू आत बाकावर बसून दहावीचा पेपर लिहीत होतं, तेव्हा तुम्ही बाहेर काय करत होता? खरं सांगा. देवळात होता? चहाच्या टपरीवर होता? की शाळेच्या मागच्या भिंतीवर, एक पाय आत नि एक पाय बाहेर टाकून, खिशात चिठ्ठी घेऊन बसला होता? लाजू नका. हसनाबादचा कडूबा तळेकरही तिथंच होता, आणि कडूबा काही वाईट माणूस नव्हता.

वाईट असता तर त्याच्याबद्दल लिहायला बसायचं कारणच नव्हतं.

कडूबाची जमीन सात एकर, कोरडवाहू. शाळा दुसरीपर्यंत. नाव लिहिता यायचं, पण ते लिहिताना जीभ बाहेर यायची, म्हणून चारचौघात तो अंगठाच उठवायचा. पण त्याच्या उजव्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती. ज्वारी-बाजरी दाण्यात आली, की चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर उभा राहून तो गोफण फिरवायचा. सांगाल त्या कणसावरची चिमणी उडवायचा, आणि कणसाला धक्का लागायचा नाही. दुसऱ्यांच्या शेतातली पोरं नुसती त्याचा नेम बघायला बांधावर येऊन बसायची.

त्याची थोरली तुळजा. अभ्यासात बरी होती, गणितात तर चांगलीच. तिला नर्स व्हायचं होतं. गावच्या दवाखान्यातल्या सिस्टर सायकलवरून निघाल्या की पारावरची माणसं बिडी पाठीमागं लपवायची, एवढंच तिनं लहानपणी बघितलेलं. बाईमाणसाला बघून पारावरची बिडी लपते, हे तिला फार मोठं वाटलं होतं. मोठंच आहे ते. आणि त्या ट्रेनिंगला दहावी पास लागायची.

साल अठ्ठ्याऐंशी. मार्च लागला की परीक्षेच्या केंद्राच्या गावाला जत्रा भरायची. फुटाणेवाले यायचे, उसाच्या रसाचे चरक लागायचे. पोरं आत जायची एकटी, बाहेर मात्र बाप, चुलते, मामे, दाजी. गाइडची पानं टराटरा फाटायची. प्रश्नपत्रिका कुठून तरी बाहेर यायची, उत्तरं भिंतीवरून आत जायची. आणि ज्या लेकराचा माणूस भिंतीवर दिसायचा नाही, त्याच्याबद्दल बाया हळहळायच्या, "बिचाऱ्याला कोणी न्हाई वाटतं." ही अशी रीत पडलेली. पोरासाठी बापानं काय करावं, तर भिंतीवर चढावं. शाळा म्हणजे पेपर आणि पेपर म्हणजे खिडकी, एवढंच ज्यांना दाखवलं, त्यांनी तरी दुसरं काय करावं?

कडूबाचा मेहुणा साहेबराव या कामातला उस्ताद. स्वतःच्या पोराला त्यानं असाच पार केलेला.

"दाजी, तुमच्यासारखा हात माझ्यापाशी असता ना, तर माझं पोरगं फर्स्टक्लासमधी आलं असतं," पेपराच्या दिवशी भिंतीपाशी साहेबराव म्हणाला.

"तुळजा अभ्यास करून राह्यली की वर्षभर. रोज पहाटं उठते."

"अभ्यास तर सगळेच करतेत. उद्या पोर म्हणंल, मामा आल्ता, बाप न्हाई आला."

हे कडूबाला लागलं. बाप न्हाई आला! त्यानं साहेबरावाच्या हातातली चिठ्ठी घेतली. त्यात काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. चिठ्ठीत एक गोटा गुंडाळला, कमरेच्या गोफणीच्या दोरीतून अंबाडीच्या वाखाचा एक धागा ओढून काढला आणि वरून गाठ मारली. गोफणीच्या खोबणीला मारायचा तीच, दुहेरी. सुटायची नाही अशी.

भिंतीपासून वर्ग तीस पावलं. तिसरी खिडकी, दुसरा बाक. तुळजाची निळी रिबीन दिसली.

नेम चुकला असता तर किती बरं झालं असतं! पण कडूबाचा नेम. गोटा गजांच्या मधून गेला आणि थेट तुळजाच्या उत्तरपत्रिकेवर जाऊन पडला. त्याच मिनिटाला भरारी पथक वर्गाच्या दारात उभं होतं. साहेब आले तेव्हा तुळजाचा तळहात त्या गोट्यावर होता.

साहेबांनी गाठ सोडायला घेतली. सुटेना, तेव्हा कात्री मागवली. चिठ्ठी उघडून वाचली आणि हसले.

"अरे वा! भूमितीच्या पेपराला अठराशे सत्तावन्नचा उठाव?"

साहेबरावानं घाईत दुसऱ्या खिशातली चिठ्ठी दिली होती. इतिहासाची. म्हणजे त्या चिठ्ठीनं अर्धा मार्कही मिळाला नसता. पण कायद्याला त्याचं काय? चिठ्ठी ती चिठ्ठी.

"कोणी फेकली?" साहेबांनी विचारलं.

तुळजानं पेनाला टोपण लावलं.

"नाव सांग, तुझं नुकसान कमी होईल."

तिनं नाव घेतलं नाही. रस्टिकेट. ही परीक्षा रद्द, ऑक्टोबरलाही बसायचं नाही. सतरा वर्षांची पोर वर्गातून बाहेर आली, आणि त्या जत्रेतून, फुटाण्यांच्या टोपल्यांमधून, मान खाली घालून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत गेली. बाप तिच्या मागं दहा पावलांवर.

आता खरी चूक इथून पुढं झाली. चिठ्ठी फेकली ती अडाणीपणानं. पण घरी आल्यावर कडूबा पोरीवरच ओरडला.

"हात काहून लावला त्याला? खाली लोटून द्यायचा की! एवढी अक्कल न्हाई? शिकून राह्यली म्हणे!"

तुळजानं एकदा त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग पुस्तकं एका पोत्यात भरली, पोतं आढ्याला टांगलं, आणि त्या दिवसापासून बापाशी तिचे दोनच शब्द उरले. जेवायला बसला की "वाढू?" आणि उठला की "झालं?"

घरात बोलणारी पोर गप्प झाली की भिंतींना तोंडं फुटतात. कडूबाला रात्रंदिवस तेच ऐकू यायचं, वाढू, झालं, वाढू, झालं. निम्मा पावसाळा असाच गेला. पारावर कुणीतरी म्हणालं, "ती का, कॉपीत धरलेली?" तर कडूबा त्याच्या गळ्याला गेला. चौघांनी सोडवलं. घरी येऊन हे त्यानं मोठ्या आवाजात सांगितलं, पोरीला ऐकू जावं म्हणून. तुळजा म्हणाली, "वाढू?"

मग शहागडहून स्थळ आलं. मुलाचा हायवेला ढाबा, ट्रकवाल्यांची वर्दळ, घर पक्कं. मध्यस्थ म्हणाला, दहावी नापास चालंल, त्यांना गल्ल्यावर बसायला न्हाई, चुलीपुढंच पाहिजे. बायको झुंबरबाई आतून सगळं ऐकत होती. मध्यस्थ गेल्यावर ती बाहेर आली.

"काय ठरवलं तुमी?"

"मी काय ठरवू? तिला विचार."

"विचारलं. 'काही बी करा' म्हणली." झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "अवो, माझी पोर 'काही बी करा' म्हणणारी होती का? हट्टानं सायकल शिकली ती. अन् तुमी भिंतीवर चढून तिची ही गत केली."

"साहेबराव तुझाच भाऊ हाय."

"त्यानं चिठ्ठी दिली. हात कुणाचा होता?"

दुसऱ्या दिवशी कडूबा सुहासिनीबाईंकडं गेला. त्या तुळजाच्या शाळेत गणित शिकवायच्या. माहेर-सासर दोन्ही जालन्याचं, पण आठवडाभर हसनाबादेत खोली घेऊन राहायच्या. आवाज बारीक, पण पोरं वाघाला भ्यावं तशी भ्यायची.

"बाई, तुळजा परीक्षेचा फार्म भरत न्हाई म्हणते. तुमी जरा समजावा."

"मी का समजावू? चिठ्ठी मी फेकली का?"

कडूबाच्या हातातली टोपी हातातच राहिली. "तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तीस पावलांवरून, गजांमधून, दुसऱ्या बाकावर. या भागात असा दुसरा हात आहे का कोणाचा?"

"चूक झाली, बाई. म्हणून तर आलो."

"मग ती मला काय सांगता? जिचं वर्ष गेलं तिला सांगा."

"बापानं? लेकीला?"

"का? झुंबरबाईंनी सांगितलं तर चालेल? त्या चढल्या होत्या का भिंतीवर?" बाई उठल्या, आतून तुळजाची एक जुनी वही आणली आणि त्याच्या पुढ्यात उघडून ठेवली. "वाचता येत नाही, माहीत आहे मला. नुसतं बघा. हे लाल म्हणजे चुकलं. एक गणित चुकलं, की ही पोर तेच तीन वेळा सोडवून आणायची. मी सांगितलं नसताना. हे बघा, एक, दोन, तीन. कडूबा, तुम्ही कधी उघडून बघितली असती ही वही, तर चिठ्ठी हातात धरली नसती. मार्क गेले, वर्ष गेलं, ते भरून निघेल. पण आपल्या बापाला आपला एवढाही भरवसा नव्हता, हे कसं भरून काढणार ते तुम्ही बघा."

कडूबा त्या लाल खुणांवरून बोट फिरवत बसला. मग वही मिटून बाईंच्या हातात दिली आणि निघाला.

भादव्यात बाजरी दाण्यात आली होती. तुळजा दुपारी भाकरी घेऊन शेतात आली. भाकरीचं फडकं खाली ठेवून ती वळली, तेवढ्यात माळ्यावरून कडूबा म्हणाला, "वर ये जरा."

ती वर आली. पलीकडं तोंड करून बसली. कडूबानं गोफण फिरवली, एक थवा उडवला. दुसरा उडवला. हुर्र हा, हुर्र हा करून घसा कोरडा केला. हे बोलण्यापेक्षा सोपं होतं. शेवटी गोफण खाली ठेवली आणि बाजरीकडं बघतच म्हणाला, "तुळजे, माझं चुकलं."

तुळजानं तोंड वळवलं नाही.

"चिठ्ठी फेकली ते चुकलं. घरी येऊन तुझ्यावर वरडलो, ते तर लईच चुकलं. तुला गरज नव्हती चिठ्ठीची. बाईंनी वही दाखवली मला."

पाखरांचा मोठा थवा बाजरीवर उतरला. कडूबाचा हात गोफणीकडं गेला नाही. पाखरं दाणे टिपत राहिली.

"बापू," तुळजा म्हणाली. किती महिन्यांनी! "तुमची गाठ वळखू आली मला."

"कोणती गाठ?"

"गोट्याची. असली दुहेरी गाठ तुमच्याबिगर कोणी मारत न्हाई. पडल्याबरोबर वळखली. साहेब दारात होते. म्हणलं, दुसऱ्या कोणी बघितली तर तुमाला धरून नेतील. म्हणून हात ठेवला वर."

कडूबानं तिच्याकडं बघितलं. मग त्याला बघवेना. ज्या हातानं ती त्याला झाकत होती, त्याच हाताबद्दल तो घरी येऊन ओरडला होता, 'काहून लावला?'

"अन् मी तुलाच..."

"हो," तुळजा म्हणाली. तेवढंच. तिनं काही त्याला लगेच माफ केलं नाही. पण ती खाली उतरली नाही. उतरायच्या आधी म्हणाली, "फार्म भरते मी. पण साहेबरावमामानं माझ्या परीक्षेचं नाव बी काढायचं न्हाई."

"काढू दे, जीभच हासडतो!"

"बापू..."

"बरं. न्हाई हासडत."

शहागडच्या स्थळाला नकार गेला. झुंबरबाईनं भावाला सांगितलं, यंदा पाहुणचाराला ये, परीक्षेला येऊ नको.

मग कडूबानं पोरीला मदत करायचं मनावर घेतलं, आणि घरादाराचे हाल सुरू झाले. सुहासिनीबाई म्हणाल्या होत्या, तिला पोटभर झोपू द्या, वेळेवर जेवू घाला, दुसऱ्याच्या पोरांशी तुलना करू नका, घर शांत ठेवा. आता शेतकऱ्याला एक पोतं खत टाक म्हटलं तर तो दीड टाकणार. रेडिओ बंद. झुंबरबाईला दळताना गाणं म्हणायची बंदी. धाकट्यांनी खोकायचं झालं तरी अंगणात. शेजारच्या बद्रीनाथची पिठाची गिरणी पुक-पुक करायची, तर कडूबा त्याला सांगायला गेला, "मार्चपर्यंत बंद ठेव."

"अन् गाव काय गहू चावून खाईल?"

"खाऊ दे. मजबूत होतील दात."

भांडण होता होता राहिलं. आणि घरी कडूबा तुळजापुढं घुबडासारखा बसायचा. तिनं पान उलटलं की मान हलवायचा. चौथ्या दिवशी पोरीनं वही आपटली.

"बापू, ही काय मयताची रीत लावली घरात? तुमी असे गपगार बसता ना, तर वाटतं मी आत्ताच फेल झाले. आईला गाऊ द्या. अन् तुमी बाहेर जा!"

झुंबरबाई पदर तोंडात घालून हसली. कडूबा रागावला, मग ओशाळला, मग शेतात निघून गेला. संक्रांत झालेली, शाळू ज्वारी हुरड्याच्या पुढं गेली होती, पाखरांचा जोर होता. आणि दोन दिवसांनी तुळजाच पुस्तकं घेऊन माळ्याखाली येऊन बसली. म्हणाली, तुमचं हुर्र हा वर चालू असलं की बराबर ध्यान लागतं, लहानपणापासूनची सवय. मग पोर खाली सावलीत प्रमेयं म्हणायची, बाप वर पाखरं हाणायचा.

एकदा तिनं त्याला खाली बोलावलं. माळ्याच्या मेढीला ताण द्यायला एक दोरी जमिनीत खुंटीला बांधली होती.

"ही मेढ किती हात?"

"खुंटीच्या पातळीपासनं दोरीपर्यंत चार."

"खुंटी मेढीपासून किती लांब?"

"तीन."

"मंग दोरी पाच हात हाय. न मोजता सांगते."

कडूबानं मोजली. हातानं मोजली, मग खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजली. "आयला! बिलकुल पाच!" वीस वर्षं तो अशीच दोरी कापत होता आणि कधी वीतभर उरायची तर कधी कमी पडायची. त्या दिवशी तो बद्रीनाथच्या गिरणीवर गेला आणि भांडणाचं विसरून त्याला तीन-चार-पाच समजावून आला. बद्रीनाथला कळलं नाही. कडूबा म्हणाला, तुला न्हाई कळायचं, आमची तुळजा सांगंल.

झुंबरबाईनं राजूरच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता, की अंगारकीला पोर अनवाणी चालत येईल. अंगारकी पडली नेमकी अभ्यासाच्या ऐन दिवसांत. झुंबरबाई अडून बसली. नवस पोरीच्या नावाचा हाय! कडूबानं चपला काढून दारात ठेवल्या. "पोरीचे पाय पेपराला लागतेत. गणपतीला बापाचे चालतील," म्हणाला, आणि गेला. येताना टाचा फुटल्या होत्या. तुळजानं त्यांना खोबरेल लावलं. पुस्तक वाचत वाचतच लावलं, पण लावलं.

मार्च एकोणनव्वद. तेच केंद्र. मराठी झाला, इंग्रजी झाला, बीजगणित झालं. कडूबा रोज एस.टी.नं तिच्याबरोबर जायचा, फाटकापाशी सोडायचा, लांब लिंबाखाली बसायचा. भूमितीच्या दिवशी मात्र तुळजा फाटकाशी थांबली ती थांबलीच. तोंड पांढरं पडलं होतं. पॅड तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

"काय झालं?"

"आजचे नंबर फळ्यावर लागलेत, बापू. माझा तिसऱ्या खिडकीपाशीच आलाय. बसले की माझं ध्यान खिडकीकडंच जाणार. वाटणार, आला गोटा. मला न्हाई लिहिता यायचं."

भिंतीकडं गर्दी जमायला लागली होती. त्यात साहेबराव होता. दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी आला होता. त्यानं हात वर करून हाक मारली, "दाजी! या की इकडं! नेम गंजला का?"

कडूबाच्या तोंडाशी शिवी आली, हात मुठीत गेला. पोरीनं ते बघितलं आणि ती आणखीच आक्रसली. तिचं बघून कडूबानं मूठ सोडली. घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. धीर धर म्हणावं, तर तो धीर आपणच घालवलेला. देवाचं नाव घे म्हणावं, तर तीस पावलांवर देव नव्हता, तो स्वतः होता. म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, "मी काय करू म्हणजे तुला लिहिता येईल? तू सांग. तू म्हणशील तसं."

तुळजानं गर्दीकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं. फाटकात एक हवालदार खुर्चीवर बसला होता.

"त्या हवालदाराजवळ बसा. तीन घंटे. उठायचं न्हाई. काही झालं तरी उठायचं न्हाई. तुमी तिथं हायेत एवढं मला ठावं असलं ना, मंग खिडकीतून काही बी येऊ दे, ते तुमचं नसंल."

"बसतो."

"पाणी प्यायला बी न्हाई."

"न्हाई. जा तू."

ती गेली. कडूबा हवालदारासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"काय पाहिजे?" हवालदार म्हणाला.

"काही न्हाई. तीन घंटे बसायचंय तुमच्यापाशी."

"का? मी काय म्हसोबा हाये?"

"पोरगी आत हाय. तिनं सांगितलंय."

हवालदारानं त्याला खालीवर बघितलं. "कागदबिगद हाये का खिशात?" कडूबानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एक सुपारी पडली. हवालदारानं ती उचलली, निम्मी फोडून त्याला परत दिली. "बस."

साहेबराव दोनदा येऊन गेला. "दाजी, पोलिसात भरती झाले काय?" पारावरचे ओळखीचे हसले. "अरे, कडूबाला आधीच धरून ठेवलंय, गुन्हा व्हायच्या आगुदर!" कडूबा सुपारी चघळत राहिला. ऊन सरकत डोक्यावर आलं. हवालदार म्हणाला, सावलीत सरक. कडूबा म्हणाला, सरकलं की उठल्यासारखंच.

दीड घंटा झाला आणि जीप आली. भरारी पथक. भिंतीवरून धपाधप उड्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. वर्गात गलका झाला. मग दोन साहेब एका पोरीला बाहेर घेऊन आले. मान खाली, ओढणीनं तोंड झाकलेलं, अंगावर तोच शाळेचा गणवेश, वेणीला तीच निळी रिबीन.

कडूबा गुडघ्यावर झाला. पोरीला ऑफिसात नेत होते. तिकडची कुणी बाई हंबरडा फोडत आत पळाली.

"तुझी का?" हवालदार हळूच म्हणाला.

"ठावं न्हाई."

"जा, बघून ये. मी काही बोलत न्हाई."

चाळीस पावलं होती. जाऊन एकदा तोंड बघितलं असतं की झालं असतं. कडूबाचा गुडघा जमिनीवर टेकलेला होता, दुसरा पाय उचलायचा होता. आणि मग तो परत मांडी घालून बसला. दोन्ही हात मांडीखाली घातले.

"उठायचं न्हाई म्हणलीय," तो म्हणाला. "आत असली, तर ती म्हणत असंल बापू बसलाय. अन् ती पोरगी तुळजाच असली, तरी तिला बाहेर आल्यावर दिसू दे, मी उठलो न्हाई."

हवालदारानं आपली खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे त्याची सावली कडूबाच्या डोक्यावर पडली.

दुसरा दीड घंटा कसा गेला ते कडूबानं कधीच कुणाला सांगितलं नाही. घंटा झाली. पोरांचा लोंढा आला. निळ्या रिबिनीच रिबिनी. त्यातून तुळजा आली. हातावर शाईचा डाग, केस विस्कटलेले. तिनं फाटकापाशी बघितलं. बाप जिथं बसवला तिथंच होता.

कडूबानं उठायचा प्रयत्न केला. पाय पार मरून गेले होते. तुळजानं एका बाजूनं धरलं, हवालदारानं दुसऱ्या.

"ताई, माणूस न्हाई हा, मैलाचा दगड हाये," हवालदार म्हणाला.

तुळजा हसली. हसता हसताच रडली. "खिडकीतून दोन आले, बापू. एक माझ्या पायापाशी पडला. मी बघितलं बी न्हाई. म्हणलं, असंल कुणाचा."

निकाल जूनमध्ये लागला. भूमितीत पंचाहत्तरपैकी एकोणपन्नास. एकूण अठ्ठावन्न टक्के. पहिला नंबर नाही, पेपरात फोटो नाही. सुहासिनीबाईंनी फक्त पाठीवर हात ठेवला. पण तो एकेक मार्क तिचा होता, तिच्या हातचा, आणि कडूबानं गुणपत्रिका घेऊन बद्रीनाथकडं जायच्या आधी तिला विचारलं, "दाखवू का त्याला?" तुळजा म्हणाली, दाखवा. पुढं ती जालन्याला ट्रेनिंगला गेली, नर्स झाली, भोकरदनकडच्या एका गावात तिला नोकरी लागली.

कडूबानं आणखी दोन लेकरं दहावीला बसवली. धाकट्याला त्यानं तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "तुमी बाजूला बसून जेवत राहा, मला भूक लागते मग." मधली म्हणाली, "मला कोणी उठवू नका, मी माझी उठते." तीन लेकरं, तीन तऱ्हा. कडूबा तिघांचं ऐकत गेला. ऐकताना दरवेळी त्याचा जीव वर-खाली व्हायचा, कारण गोफणवाल्या माणसाला स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षा. पण त्यानं ते केलं.

तर आता तुमच्याकडं एकच मागणं आहे, आणि नाही म्हणू नका. यंदा घरात परीक्षा असेल, तर शहाणपण शिकवायच्या आधी, क्लास लावायच्या आधी, शेजाऱ्याच्या पोराचं नाव घ्यायच्या आधी लेकरापुढं खाली बसा आणि विचारा, "मी काय करू म्हणजे तुला सोपं जाईल?" ते जे सांगेल ते करा. लांब जा म्हणालं, तर लांब जा.

आजच विचारा.